तणाचे औषध आणि पोटातले बाळ



६ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे तिथे सगळे जिला ईपीए म्हणतात त्या सरकारी संस्थेने, एका तणनाशकाची विक्री आणि वापर त्याच दिवसापासून बंद केला. असा तातडीचा हुकूम या संस्थेने जवळजवळ ४० वर्षांत काढला नव्हता. औषधाचे नाव डीसीपीए. बाजारात ते डॅक्थॉल या नावाने ओळखले जाई. कोबी, ब्रोकोली, ब्रसेल्स स्प्राउट्स म्हणजे ते छोटे छोटे गोल कोबी, आणि आपला रोजचा कांदा, या पिकांच्या शेतात ते मारले जात असे. त्याची पहिली सरकारी नोंदणी १९५८ सालची.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी अमेरिकेत कांदा पिकवत नाही हे मला ठाऊक आहे. तरी या सदरात हा विषय घेण्याचे कारण आहे. हे औषध कोणी पिऊन मेले म्हणून बंद झाले नाही. फवारणाऱ्याला चक्कर आली, अंगावर पुरळ उठले, म्हणूनही नाही. ते बंद झाले ते पोटातल्या बाळाच्या मेंदूसाठी. गरोदर बाईच्या अंगात ते गेले तर बाळाच्या थायरॉइड हार्मोनची पातळी बदलू शकते, आणि त्यामुळे बाळ कमी वजनाचे होणे, मेंदूची वाढ नीट न होणे, बुद्ध्यांक कमी राहणे, पुढे हातापायांच्या हालचालींत कसर राहणे असे परिणाम होऊ शकतात, असे ईपीएने जाहीरपणे सांगितले. यातले काही परिणाम जन्मभर भरून न येणारे. आणि आईला आपल्या अंगात काही गेले हे कदाचित कधी कळणारही नाही.

सून किंवा मुलगी गरोदर असलेल्या प्रत्येक घरात हे समजून घेण्यासारखे आहे. थोडे सावकाश जाऊ.

तणनाशक आणि कीटकनाशक यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. कीड मारते ते कीटकनाशक, नको असलेले गवत मारते ते तणनाशक. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी भाताची बेणणी हाताने होई. बायका चिखलात वाकून वाकून गवत उपटत. ते काम औषधावर आले आणि पाठ वाचली, हे खरेच. कीटकनाशकांबद्दल लोकांना भीती असते, कारण किड्याच्या नसांवर चालणारे विष माणसाच्या नसांवरही चालेल हे कोणालाही पटते. तणनाशकाबद्दल मात्र पुष्कळ वर्षे समज असा होता की ते गवताचे विष, माणसाला काय होणार? डीसीपीए तर बी रुजताना त्याच्या पेशींची विभागणी थांबवते, म्हणून गवत उगवतच नाही. लावणीच्या वेळीच जमिनीवर मारायचे आणि विसरून जायचे, असे ते सोयीचे औषध.

पण माणसाच्या अंगात एखाद्या रसायनाचा परिणाम कुठे होईल हे त्याच्या बाटलीवरच्या नावावरून ठरत नाही. याचा परिणाम सापडला तो गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीशी.

थायरॉइड म्हटले की आपल्याला वजन वाढणे, केस गळणे, थंडी वाजणे, रोज सकाळची ती छोटी गोळी एवढेच आठवते. गर्भातल्या बाळासाठी या ग्रंथीचे हार्मोन म्हणजे मेंदू बांधणाऱ्या गवंड्याच्या हातातला ओळंबा. मेंदूतल्या पेशी एका जागी तयार होतात आणि तिथून सरकत आपापल्या जागी जाऊन बसतात, मग एकमेकींशी जोडल्या जातात. हे सगळे वेळच्या वेळी होण्यासाठी हे हार्मोन लागते. आणि सुरुवातीला बाळाकडे स्वतःचे हार्मोन नसते. त्याची स्वतःची ग्रंथी १२ व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि १८ ते २० आठवड्यांपर्यंत तिला जोर येतो. तोवर बाळ सर्वस्वी आईच्या रक्तातल्या हार्मोनवर असते. म्हणजे ज्या दिवसांत पुष्कळ बायकांना आपण गरोदर आहोत हेही नक्की माहीत नसते, नेमक्या त्याच दिवसांत.

हार्मोन अगदी नसेल तर काय होते हे वैद्यकशास्त्राला फार आधीपासून माहीत आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांतून गलगंडाची माणसे दिसत, आणि त्यांच्याच घरांत बहिरी-मुकी, मंदबुद्धीची मुले जन्मत. जमिनीत आयोडीन नाही, म्हणून अन्नात नाही, म्हणून आईच्या अंगात हार्मोन नाही. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून पाहिले आणि गलगंड कमी करून दाखवला. १९६२ साली भारत सरकारने त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आपल्या घरात आज जे आयोडीनचे मीठ येते ते त्यामुळे.

पण हार्मोन थोडेसेच कमी असेल तर? याचे एक चांगले उत्तर अमेरिकेच्या मेन राज्यातून आले. तिथे १९८७ ते १९९० या काळात गरोदर बायकांचे रक्ताचे नमुने दुसऱ्याच तपासणीसाठी घेऊन साठवलेले होते. त्यांतल्या २५,२१६ नमुन्यांत थायरॉइड तपासले गेले. ज्यांचे कमी निघाले अशा ६२ बायकांची मुले ७ ते ९ वर्षांची झाल्यावर शोधून काढून त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, आणि शेजारी ठेवायला थायरॉइड ठीक असलेल्या १२४ बायकांची मुले घेतली. १९९९ साली निकाल छापला गेला. ज्या ४८ आयांना गरोदरपणात काहीच उपचार मिळाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरीने ७ गुणांनी कमी होता. ८५ किंवा त्याखाली गुण मिळालेली मुले त्यांच्यात १९ टक्के, दुसऱ्या गटात ५ टक्के.

सात गुण म्हणजे काय, असे कोणी विचारेल. एका घरात ते दिसणारही नाहीत. मूल चालते, बोलते, शाळेत जाते. जरा उशिरा वाचायला शिकते, एका जागी बसत नाही, गणित जमत नाही, आणि घरचे म्हणतात, आजोबांवर गेलाय, धांदरट आहे. मी प्रसूती विभागात पुष्कळ वर्षे काम केले. बाळ गुलाबी आहे, रडले, दूध ओढते, दहा बोटे मोजली, की आम्ही निश्चिंत. मेंदूतली ही उणीव त्या दिवशी कोणत्याही नर्सला किंवा डॉक्टरला दिसत नाही.

काही वाचक म्हणतील, बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासतातच की. हो, अमेरिकेत प्रत्येक राज्यात तपासतात, इस्रायलमध्येही तपासतात, आणि ती तपासणी अतिशय मोलाची आहे. बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसेल तर ती सापडते, औषध सुरू होते आणि मूल वाचते. पण तिसऱ्या महिन्यात आईकडून हार्मोन कमी आले होते की नाही, हे जन्मानंतरचा टाचेचा थेंब सांगत नाही. तोवर बाळाची ग्रंथी सुरू झालेली असते आणि कागदावर सगळे ठीक येते. हा फरक मी मुद्दाम लिहिते आहे, कारण टाचेची टेस्ट नॉर्मल आली म्हणजे सगळे पाहून झाले असे समजणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता पुन्हा डॅक्थॉलकडे येऊ. त्याची कथा वाचताना मला राग आला, तो लपवत नाही.

२०१३ साली ईपीएने हे औषध बनवणाऱ्या एकमेव कंपनीकडे, कॅलिफोर्नियातल्या ॲमव्हॅककडे, २० हून अधिक चाचण्यांचे अहवाल मागितले. त्यात वाढत्या पिल्लांच्या थायरॉइडवर काय परिणाम होतो याची चाचणी होती. मुदत होती जानेवारी २०१६. थायरॉइडचा तो अहवाल हाती आला ऑगस्ट २०२२ मध्ये. मागणीपासून नऊ वर्षे. २०१३ साली पोटात असलेले मूल तोवर तिसरी-चौथीत गेले असेल. मधल्या काळात शेतात फवारणी चालूच होती. युरोपीय संघाने तर २००९ सालीच हे औषध बंद केले होते.

तो अहवाल गाभण उंदरांवरच्या प्रयोगाचा होता. पोटातल्या पिल्लांचे थायरॉइड हार्मोन थोड्या मात्रेतही खाली गेलेले दिसले. ईपीएने मग मे २०२३ मध्ये हिशोब मांडून प्रसिद्ध केला. औषध हाताळणाऱ्या गरोदर बाईच्या अंगात जितके जाऊ शकते ते, बाळासाठी सुरक्षित धरलेल्या मात्रेच्या ४ ते २० पट निघाले. हातमोजे आणि संरक्षक कपडे घालूनही धोका उरतोच असे दिसले. आणि सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. औषधाच्या डब्यावर लिहिले होते की फवारणीनंतर १२ तासांनी शेतात शिरायला हरकत नाही. ईपीएच्या हिशोबाने काही कामांसाठी ते शेत २५ दिवस किंवा त्याहून जास्त दिवस धोक्याचे राहत होते.

संध्याकाळी फवारणी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी बायका शेतात. खुरपणी, विरळणी, पाण्याच्या नळ्या हलवणे, तोडणी. ही कामे करणाऱ्या बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या. औषधाच्या डब्यावरची सूचना इंग्रजीत, त्यांची भाषा स्पॅनिश, काहींची तर स्पॅनिशही नाही, गावाकडची वेगळीच. औषधांच्या सूचना स्पॅनिशमध्येही हव्यात असा कायदा अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस झाला, आणि तोही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा. नियम पाळणाऱ्या मालकाकडेही त्या सुरक्षित नव्हत्या, कारण नियमच चुकीच्या आकड्यावर उभा होता. या बायकांच्या आलियान्सा नासिओनाल दे काम्पेसिनास या संघटनेने बंदीचे जाहीर स्वागत केले. एप्रिल २०२४ मध्ये ईपीएने शेतमजुरांना जाहीर इशारा दिला, ऑगस्टमध्ये तातडीची बंदी आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये औषधाची नोंदणी कायमची रद्द झाली.

जवळजवळ ४० वर्षांपूर्वीची ती आधीची तातडीची बंदीही तणनाशकावरच होती. १९८६ सालचे डिनोसेब. तेव्हाही कारण पोटातल्या बाळांचे, जन्मजात व्यंगांचे. त्याआधी १९७९ साली २,४,५-टी या औषधाचे बरेचसे वापर तातडीने थांबवले गेले. ती हकिगत मला विशेष वाटते. ओरेगॉन राज्यात आल्सी नावाचे जंगलातले छोटे गाव आहे. तिथल्या बॉनी हिल नावाच्या शिक्षिकेचा गर्भ गेला होता. तिने आसपासच्या बायकांकडे चौकशी केली, कोणाचा गर्भ कधी गेला त्या तारखा लिहून काढल्या, आणि जंगलात विमानाने फवारणी कधी झाली त्या तारखांशी ताडून पाहिल्या. १९७८ साली आठ बायकांनी मिळून ईपीएला पत्र पाठवले. पुढे शास्त्रज्ञांनी त्या आकडेवारीवर पुष्कळ वाद घातले, आणि त्यांचे काही आक्षेप बरोबरही होते. पण सरकारला जागे केले ते या पत्राने. हे औषध व्हिएतनामच्या युद्धात वापरलेल्या एजंट ऑरेंजमधल्या दोन औषधांपैकी एक. दुसरे औषध, २,४-डी, आजही जगभर वापरात आहे. आपल्याकडे भातात, उसात, गव्हात मारतात.

मग बाकीच्या तणनाशकांचे काय? इथे मला जपून लिहायला हवे, कारण डॅक्थॉलइतकी स्पष्ट गोष्ट इतरांची नाही.

२०१९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतला एक मोठा अभ्यास छापून आला. कॅलिफोर्नियात कोणत्या शेतात कोणते औषध कधी मारले याची नोंद सरकारकडे ठेवावी लागते, त्यामुळे असा अभ्यास तिथे करता येतो. १९९८ ते २०१० या काळात जन्मलेली, ऑटिझमचे निदान झालेली २,९६१ मुले आणि तुलनेला ३५,३७० मुले घेतली. गरोदरपणी आईच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत ठरावीक औषधांची फवारणी झाली असेल, तर ऑटिझमचे प्रमाण साधारण १० ते १६ टक्क्यांनी जास्त दिसले. त्यात बरीचशी कीटकनाशके होती, आणि ग्लायफोसेट हे जगात सर्वांत जास्त खपणारे तणनाशकही होते. राउंडअप म्हणून ज्याचे नाव झाले ते हेच.

ऐकून घाबरू नका. शंभरात दोन मुलांना जी गोष्ट होते ती १६ टक्क्यांनी वाढली, तर शंभरात सव्वादोनच्या आसपास होते. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही. शेताजवळ राहणाऱ्यांची गरिबी, धूळ, दुसरी औषधे, असे पुष्कळ काही मधे असते. अभ्यास करणाऱ्यांनी त्यातले बरेचसे बाजूला काढायचा प्रयत्न केला, पण सगळे निघत नाही.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी इक्वाडोरच्या शेतीभागातल्या ११ ते १७ वर्षांच्या ५१९ मुलांची लघवी तपासली आणि त्यांच्या लक्ष, स्मरण, भाषा वगैरेंच्या चाचण्या घेतल्या. २०२३ साली तो निकाल आला. जवळजवळ सगळ्या मुलांच्या लघवीत ग्लायफोसेट सापडले, दोन तृतीयांश मुलांच्या लघवीत २,४-डी. ज्यांच्यात २,४-डी जास्त, त्यांचे गुण पाचही प्रकारांत कमी. पण लघवी आणि परीक्षा एकाच वेळची, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे त्यातून कळत नाही.

पोटात असल्यापासून मुलांच्या मागावर राहणारा अभ्यास कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात चालू आहे. त्याचे नाव चामाकोस, मेक्सिकन बोलीत या शब्दाचा अर्थ पोरेटोरे! १९९९-२००० साली बर्कले विद्यापीठाच्या डॉ. ब्रेंडा एस्केनाझी यांनी ६०१ गरोदर बायका घेऊन तो सुरू केला. त्या बायका बहुतेक शेतमजुरांच्या घरातल्या. गरोदरपणात ज्यांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांचे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा ७ व्या वर्षीचा बुद्ध्यांक सर्वांत कमी अंश असणाऱ्यांच्या मुलांपेक्षा ७ गुणांनी कमी निघाला. ती तणनाशके नव्हेत, हे खरे. पण शेतातून येणाऱ्या थोड्याथोड्या मात्रेची खूण सात वर्षांनी मुलाच्या पाटीवर उमटू शकते, हे या अभ्यासाने दाखवले.

आता घरात काय करायचे ते. पहिली गोष्ट, भाजी सोडू नका, सुनेलाही सोडायला लावू नका. डॅक्थॉलचे अंश भाजीत सापडत होते. अमेरिकी सरकारच्या तपासणीतल्या केल नावाच्या पालेभाजीच्या नमुन्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांत ते होते. पण भाजीवरून येणारे अंश आणि औषध हाताळणाऱ्या बाईच्या अंगात जाणारे यांत फार मोठे अंतर आहे, आणि पालेभाजीतून मिळणारे फोलेट बाळाच्या मज्जारज्जूला हवेच असते. आता तर अमेरिकेत ते औषध बंदच आहे.

भाजी धुणे आपल्या लोकांना शिकवायला नको. किडा पोटात जाऊ नये म्हणून कोबीचे एकेक पान उजेडात धरून पाहणाऱ्या आणि फ्लॉवर मिठाच्या पाण्यात घालून ठेवणाऱ्या बायकांच्या हातचे आपण खात आलो. फक्त एवढे लक्षात ठेवा की मिठाचे पाणी किडा वर आणते, औषधाच्या अंशासाठी वाहत्या नळाखाली चोळून धुणे जास्त कामाचे. कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रात तपासलेल्या १२ औषधांपैकी ९ औषधे साध्या नळाच्या पाण्याने धुतल्यावर कमी झाली. सफरचंदासारखी गुळगुळीत सालीची फळे एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटे ठेवली तर सालीवरची काही औषधे आणखी निघतात, असे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिसले. सालीच्या आत शिरलेले मात्र निघत नाही. साबणाने भाजी धुऊ नका, साबण भाजीत मुरतो. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाका.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि माझ्या मते ती भाजी धुण्यापेक्षा महत्त्वाची. आईच्या अंगात आयोडीन पुरेसे असेल तर थायरॉइडवर येणारा कोणताही ताण ती जास्त चांगला सोसते. अमेरिकेत १९२४ पासून आयोडीनचे मीठ मिळते, पण ते घेणे सक्तीचे नाही. आणि आपल्या अमेरिकेतल्या घरांतून मांस खारवायला जे जाड कोशर मीठ आणतात, त्यात आयोडीन नसते. पुष्कळ सुना तेच रोजच्या स्वयंपाकातही वापरू लागल्या आहेत, कारण टीव्हीवरचे स्वयंपाकी तेच वापरतात. गुलाबी सैंधव, समुद्री मीठ, यांतही बहुधा नसते. मांस खारवायला जाड मीठ ठेवा, आमटी-भाजीत आयोडीनचे घाला. मीठ वाढवू मात्र नका. आपल्या वयाच्या माणसांचे ब्लडप्रेशर आहेच.

गरोदरपणात अमेरिकेत रोज २२० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगतात, जागतिक आरोग्य संघटना २५०. गरोदर बाईच्या विटामिनच्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम असावे असे अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचे म्हणणे आहे, पण सगळ्याच गोळ्यांत ते नसते. बाटलीच्या मागे वाचून पाहा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. समुद्री शेवाळाच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर घेऊ नका. त्यांत आयोडीन भलतेच जास्त असू शकते, आणि जास्तीनेही थायरॉइड बिघडतो.

तिसरी गोष्ट गोळीची. सुनेला आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल, तर गरोदर राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करायला सांगा. गरोदरपणात तिला हार्मोन जास्त लागते, डोस बहुधा वाढवावा लागतो. "पोटुशी आहेस, कशाला औषधे घेतेस" असे कोणत्याही आजीने म्हणू नये. ही गोळी बाळासाठीच असते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ती चार तास लांब ठेवावी, नाहीतर अंगाला लागत नाही. ज्यांना काही त्रास नाही अशा सगळ्याच गरोदर बायकांचा थायरॉइड तपासावा का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. अमेरिकेत २०१७ साली निकाल आलेल्या एका मोठ्या चाचणीत, थोडा कमी थायरॉइड असलेल्या बायकांना गोळी देऊन मुलांच्या पाच वर्षांच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही. पण त्यात गोळी सुरू झाली ती सरासरी १६-१७ व्या आठवड्यात. गवंडी अर्धी भिंत बांधून गेल्यावर ओळंबा दिला तर काय उपयोग, असे माझे मत. घरात थायरॉइडचा इतिहास असेल तर मूल होऊ द्यायच्या आधीच तपासून घेणे शहाणपणाचे.

आणि अंगणातले औषध. अमेरिकेत मुलांच्या घराभोवती हिरवळ असते आणि तिच्यातले गवत मारायला बाटली गॅरेजमध्ये असतेच. नाव ओळखीचे आहे म्हणून आतले औषध तेच असेल असे धरू नका. राउंडअपच्या घरगुती बाटल्यांतून २०२३ पासून अमेरिकेत ग्लायफोसेट काढून दुसरी तणनाशके घातली आहेत. घरात गरोदर बाई किंवा रांगते मूल असेल तर फवारणी पुढे ढकला, गवत हाताने काढा. नातवंडांचे आजोबा मोकळेच असतात. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत तिथेही चालू ठेवा. रांगणारे मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका, हे सांगायला नको, पण सांगते. मुलाने काही तोंडात घातलेच तर अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ या विषबाधेच्या मोफत फोनवर रात्रंदिवस माणूस असतो.

भारतात गावाकडे जमीन असणाऱ्यांनी फवारणीच्या वेळी घरातल्या पोटुशीला शेतावर पाठवू नये, आणि फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नयेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावे असा आदेश काढला, पण दुकानात आणि बांधावर काय चालते ते गावातल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

इस्रायलमधल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे मिठात आयोडीन घालणे सक्तीचे नाही आणि बाजारातले बरेचसे मीठ बिनआयोडीनचे असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत ८५ टक्के गरोदर बायकांना आणि ६२ टक्के शाळकरी मुलांना आयोडीन पुरेसे मिळत नव्हते. भारतातून आणलेले आयोडीनचे मीठ पहिल्या महिन्यात संपते आणि मग सुपरमार्केटमधले जे हाताला लागेल ते येते. या आठवड्यात मिठाचा पुडा उलटा करून त्यावर "योद" हा शब्द आहे का ते पाहा. हिब्रू बारीक अक्षरातले दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.